सात सेकंद

तासगावात, तहसील कचेरीच्या भिंतीला लागून
माझं टेबल, एक छत्री, एक प्रिंटर.
बेदाण्याचे सौदे सुटले की गर्दी होते:
वारसनोंद, हमीपत्र, नावातली चूक दुरुस्त.
पानाला तीस रुपये.

मंगळवारी ठाण्यातून हवालदार डुबल आले,
पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून,
जणू कुणाचा पडलेला दुधाचा दात.
"दोन भाषणं हायत, रत्नाताई. दोन तक्रारी.
जसंच्या तसं उतरवायचं. आपलं डोकं घालायचं नाही."

पहिलं भाषण वैजयंता खराड्यांचं, पाण्याच्या टाकीखालचं.
घसा बसलेला, माइक शिट्ट्या मारतोय.
नगराध्यक्षांना त्या म्हणाल्या टक्केवारीचा बोका,
गटाराच्या पैशावर ढेकर देणारा,
आणि वर आणखी एक शब्द, जो माझी आत्या
म्हैस दावं तोडून पळाली की वापरायची.
मी तो टाइप केला. हसलेही थोडी.
बोका ऐकून घेईल. त्याला खुर्ची आहे, गाडी आहे,
उद्या उत्तर द्यायला त्याचा स्वतःचा माइक आहे.

दुसरं भाषण स्वच्छ.
एक शिवी नाही, कुणाला अरे-तुरे नाही,
आवाज असा, की लेकरू झोपावं.
"मी कुणाचं नाव घेणार नाही, माताभगिनींनो.
घराला वाळवी लागली तर आपण काय करतो?
मी फक्त विचारतोय."
आणि थांबला.

सात सेकंद.
तीनदा मागे नेऊन मोजले.
खुर्च्या करकरतात. माना वळतात.
मान वळल्याचा आवाज येत नाही,
पण तो चौक मला पाठ आहे:
व्यासपीठासमोर बसून डावीकडे पाहिलं
तर बाबालाल नदाफांचं गादीचं दुकान,
दुसरं काहीच नाही तिथं.
पाचव्या सेकंदाला शटर ओढल्याचा आवाज.
सहाव्याला माइकजवळ कुणीतरी हसतं.

ते हसू मी ओळखते.
रोज रात्री त्याला ताट वाढते.

"मी फक्त विचारतोय" च्या पुढे काय लिहू?
टिंबं दिली, सात.
मग कंसात लिहिलं: शांतता.
खोडलं. शांतता नव्हती ती.
लिहिलं: लोक पाहतात.

फौजदार साहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं
बोका अधोरेखित केला, आत्याचा शब्द दोनदा.
दुसऱ्या कागदावर पेन्सिल वरनं खाली फिरली,
कुठं टेकली नाही.
"वाळवी म्हणजे वाळवीच की हो. औषध मारतो आपण.
आणि 'लोक पाहतात' हे कुणी सांगितलं तुम्हाला? काढा.
टिंबांना कलम लागत नाही, बाई."

अगदीच चूक नव्हते तेही.
उद्या माझ्या गप्प बसण्याचा कुणी अर्थ काढला,
कागदावर आणला, सही घेतली, तर?
सोमवारपासून... नाही, मंगळवारपासून
घरात मी गप्पच आहे.

टिंबं काढली.
हसू तर मी लिहिलंच नव्हतं.

गुरुवारी बाबालालचाचा आले,
बाहीला कापसाचा तंतू चिकटलेला.
माझ्या पहिल्या बाळंतपणातली गादी त्यांनीच पिंजलेली,
पैसे पुढच्या दिवाळीला घेतलेले.
"दुकानाचं नाव बदलायचा अर्ज करून दे, पोरी."
विषय टाकला, अर्जदार, मुक्काम पोस्ट,
महोदय, वरील विषयास अनुसरून.
"नवीन नाव काय टाकू, चाचा?"

चाचा रस्त्याकडे बघत राहिले.
प्रिंटरचा पंखा घरघरत होता.
बेदाण्याच्या पेट्यांची एक गाडी गेली,
तिच्या मागून दुसरी.
या वेळी मी मोजलं नाही.
नावाच्या जागी कर्सर
उघडझाप करत होता.